बोट आपल्याच बंदरात विकायची की दुसरीकडे?

प्रश्न : सचिवकाका, सप्रेम नमस्कार. आमची 40 फुटी लाकडी ट्रॉलर आहे, 2011 साली बांधलेली. सहा सिलिंडरचं इंजिन, विंच, जीपीएस, फिश फाइंडर आणि जाळी आहेत. आमचे हे गेल्या पावसाळ्यात वारले. थोरला मुलगा मुंबईत नोकरीला आहे, धाकटा म्हणतो मी समुद्रावर जाणार नाही. मुलगी चिपळूणला दिलेली. हा हंगाम तांडेलाच्या, म्हणजे बोट चालवणाऱ्या मुख्य खलाशाच्या भरवशावर बोट चालवली, पण डिझेल, बर्फ आणि खलाशांचे पगार भागवताना हातात काही उरलं नाही. बंदरातले दोघेजण मागतायत. एक 6 लाख म्हणतो, तेही हप्त्याने. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या वाडीतली एवढीच बोट 11 लाखांना गेली. एक दलाल म्हणतो गुजरातला काढून देतो. मुलगा म्हणतो फोटो काढून मोबाइलवर टाकू. मच्छीमार सोसायटीचं थोडं कर्ज बाकी आहे. निसर्ग वादळात बोट अंजर्ल्याच्या खाडीत होती म्हणून वाचली. ती किनाऱ्यावर कुजलेली मला बघवणार नाही. कुठे विकू आणि कधी? सासूबाई म्हणतात घाई नको.
— एक भगिनी, दापोली तालुका

उत्तर : वहिनी, सासूबाईंचं म्हणणं आधी घेतो, कारण या व्यवहारात त्यांची सही लागणार आहे. बोट तुमच्या यजमानांच्या नावावर होती आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने तुम्ही, दोन्ही मुलगे, मुलगी आणि सासूबाई असे पाच जण सारख्या हिश्शाचे वारस आहात. लोक मुलीला आणि आईला विसरतात, आणि मग गिऱ्हाईक पैसे घेऊन दारात उभं असताना चिपळूणला फोनाफोनी सुरू होते. म्हणून आधी वारसाचे कागद करा, बोट तुमच्या नावावर चढवा आणि बाकी चौघांची लेखी संमती घेऊन ठेवा. मयताच्या नावावरची बोट घ्यायला सरळ माणूस धजत नाही. जो धजतो तो भाव पाडूनच घेतो.

आता तुमचा खरा प्रश्न. मी 22 वर्षं एका मच्छीमार सोसायटीचा सचिव होतो, तेवढ्या काळात शंभरेक बोटींचे कागद हातांखालून गेले असतील. बोट जिथे नांगरलेली असते तिथे तिला भाव कमी येतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. तुमच्या बंदरात सगळ्यांना सगळं माहीत आहे. घरात चालवणारं कोणी नाही, सोसायटीची बाकी आहे, कोणत्या साली कुठली फळी बदलली हेसुद्धा. ते दोघे आज 6 म्हणतायत आणि मे महिन्यात 5 म्हणतील, कारण पावसाळ्यात बोट शाकारायचा, म्हणजे किनाऱ्यावर झाकून ठेवायचा खर्च तुमच्या अंगावर येणार हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. ते वाईट लोक नाहीत. त्यांच्या जागी मी असतो तर मीही थांबलो असतो.

तेव्हा गिऱ्हाईक बाहेर शोधा, पण ज्या बंदरात तुमच्या बोटीसारखीच मासेमारी चालते तिथेच. तुमची ट्रॉलर आहे, जाळं मागे ओढत नेणारी. सातपाटीला जाऊन काय कराल? तिथे पापलेटची जाळी मारणारे लोक. वसई, अर्नाळ्याला डोलवाले, म्हणजे प्रवाहात एका जागी जाळं बांधून ठेवणारे. मालवणला पारंपरिक मच्छीमार ट्रॉलरचं नाव काढलं तरी तोंड फिरवतात. तुमचं गिऱ्हाईक रत्नागिरीच्या मिरकरवाड्याला आहे, जयगडला आहे, उरणकडे करंजाला आहे. पहिली फेरी मिरकरवाड्याची करा, दापोलीहून एसटीने दिवसात जाऊन येता येतं. मुलाला बरोबर न्या आणि व्यापाऱ्यांकडे जाण्याआधी बर्फवाल्याकडे, डिझेल पंपावर आणि इंजिनच्या मेस्त्रीकडे जा. कोण दुसरी बोट बघतोय आणि कोणाचं इंजिन बसलंय, हे या तिघांना सगळ्यात आधी कळतं. शिमगा जवळ आला आहे. शिमग्याला बोटी किनाऱ्याला लागतात, मालक घरी असतात, निवांत बोलतात. त्या आठवड्यात जेवढं काम होईल तेवढं पुढच्या महिनाभरात होणार नाही.

शेजारच्या वाडीतल्या 11 लाखांनी मन लावून घेऊ नका. त्या बोटीला पर्ससीनचा, म्हणजे माशांचा थवा घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याचा परवाना होता का ते विचारा. 5 फेब्रुवारी 2016 च्या शासन आदेशाने पर्ससीनवर बंधनं आली आणि नवे परवाने अडले. तेव्हापासून परवानावाल्या बोटीला मिळणारा भाव लाकूड-इंजिनाचा नसतोच, तो त्या कागदाचा असतो. आणि तो कागदही बोटीबरोबर आपोआप जातो असं समजून कोणी पैसे मोजू नयेत, मत्स्य खात्याच्या परवाना अधिकाऱ्याला आधी विचारावं. तुमच्याकडे तो कागद नाही, तेव्हा तुमची तुलना साध्या ट्रॉलरशीच होणार.

गुजरातबद्दल. वेरावळ, मांगरोळ, पोरबंदर ही ट्रॉलरची मोठी बंदरं आहेत, गिऱ्हाईक तिथे नक्की आहे. पण बोट राज्याबाहेर जाताना इथली नोंद रद्द करून तिथे नवी करावी लागते, आणि नाहरकत दाखल्यांसाठी फेऱ्या तुम्हालाच माराव्या लागतील. वयाने बोट लहान नाही. एवढा उपद्व्याप करून दलाल जास्तीचे दोन पैसे स्वतःच ठेवणार असेल तर तुम्हाला काय फायदा? त्याला सरळ विचारा, दलाली दोन्हीकडून घेतोस का? उत्तर द्यायला तो किती वेळ घेतो त्यावरून समजेल.

कधी विकू म्हणता, तर बोट चालू असताना. 1 जून ते 31 जुलै बंदी असते. त्याआधी मेच्या मध्यापर्यंत सौदा झाला तर घेणाऱ्याला पावसाळ्याचे दोन महिने डागडुजीला मिळतात आणि नारळी पौर्णिमेनंतर तो धंद्याला लागतो. एकदा शाकारली, झावळ्यांनी झाकली, की गिऱ्हाईक नुसतं भोवती फिरून बघणार, इंजिनाचा आवाजही ऐकू येणार नाही. गोठ्यात बसलेल्या बैलाचा सौदा करण्यासारखं आहे ते.

गिऱ्हाईक येण्याआधी रंग लावू नका. हे सगळेच करतात आणि सगळ्यांनाच कळतं. ताजा रंग दिसला की जाणकार माणूस खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून पाण्याखालच्या फळ्या टोचून बघतो, कारण किडा कुठे लागलाय ते रंगाखालीच लपवतात. त्यापेक्षा एका ओहोटीला बोट सुकी करून कालवं खरवडून घ्या आणि फळ्या उघड्या दाखवा. दिवसाला किती वेळा पाणी उपसावं लागतं ते तांडेलाकडून खरं विचारून घ्या आणि तेवढंच सांगा. इंजिन थंड असताना गिऱ्हाइकासमोर चालू करा. धूर निळा असेल तर इंजिन तेल जाळतंय, काळा असेल तर इंजेक्टर बघायला हवेत. मेस्त्रीला आधी दाखवलंत तर थोड्याशा खर्चात बराच भाव वाचेल. पंखा आणि शाफ्ट यांचं बिल ठेवलं असेल तर शोधा. विंच, जीपीएस, फिश फाइंडर आणि जाळी यांचा भाव वेगळा सांगा. ‘सगळं मिळून’ म्हटलं की जाळी फुकट जातात.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण विचारतो. मच्छी उचलणाऱ्या व्यापाऱ्याकडून यजमानांनी बोटीवर उचल घेतली होती का? ही उचल कुठल्याच कागदावर नसते. सोसायटीचा नाहरकत दाखला मिळतो, बँकेचा मिळतो आणि सौद्याच्या दिवशी व्यापारी किनाऱ्यावर येऊन म्हणतो, माझे एवढे बाकी आहेत. तांडेलाला माहीत असेल. आधी विचारा, आकडा ठरवा, चिठ्ठी लिहून घ्या. सोसायटीची बाकीही गिऱ्हाइकाच्या पैशांतून भागवणार असाल तर ते पैसे थेट सोसायटीत भरले जातील असं करारात लिहा.

राहिले हप्ते. इथे मला घरचंच सांगावं लागेल. पंधराएक वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने बोट विकली, पाच हप्त्यांत. घेणारा शब्दाचा माणूस म्हणून कागदावर त्याचं नाव चढवायची घाई केली नाही. मी स्वतः सोसायटीचा सचिव आणि माझ्याच घरात हे! तीन हप्ते आले. चौथ्या हप्त्याऐवजी जूनमध्ये नोटीस आली, बंदीच्या काळात बोट समुद्रात सापडली म्हणून. कागदावर मालक भाऊच. तहसीलदारापुढच्या सुनावणीला तो तीन वेळा गेला, दोन वेळा माझी रजा गेली. उरलेले दोन हप्ते अजून यायचेत. तेव्हा दंड तरी बरा होता. 1981 च्या महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन कायद्यात 2021 साली दुरुस्ती झाल्यापासून तो लाखांत गेला आहे. त्यातून 2008 साली पोरबंदरची ‘कुबेर’ बोट पळवून अतिरेकी मुंबईत आले, तेव्हापासून कोणाच्या नावाची बोट कोण चालवतो हा प्रश्न पोलिसांचाही झाला. म्हणून नाव बदलल्याची नोंद हातात येईपर्यंत बोट बंदर सोडणार नाही, असं करारात लिहा. विसार घ्या, विसार पावतीवर बाकी रकमेची तारीख टाका.

मोबाइलवर फोटो टाकायला माझी हरकत नाही, कागदांचे मात्र टाकू नका. आणि न बघताच ‘आगाऊ पाठवतो, आलेला नंबर सांगा’ म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा.

शेवटी तुमचा तांडेल. तुम्ही त्याच्याबद्दल एकच ओळ लिहिलीत. तो बोट घ्यायला तयार आहे का, हे कोणी विचारलंय का? बोटीची खोड त्याला माहीत आहे, तशीच तिची ताकदही. सोसायटीतून त्याच्या नावावर कर्जाची सोय होते का ते बघा. बंदरातल्या त्या दोघांपेक्षा तो जास्त देईल असं मला वाटतं, कारण त्याला बोट मोडून इंजिन विकायचं नाहीये. विचारा, आणि मला कळवा.

प्रश्न : माझी 22 फुटी फायबर होडी आहे, मशीनसकट. तारकर्लीचा एक पर्यटनवाला चांगला भाव देतोय. देऊ का?
— एक वाचक, मालवण

उत्तर : द्या. पण मासेमारीच्या नोंदणीवर प्रवासी बसवता येत नाहीत, त्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे वेगळी नोंदणी आणि सर्वेक्षण लागतं. ते त्याने करायचं. तुम्ही मत्स्य खात्याकडून नाव कमी करून घ्या, दाखल्याची प्रत घरी ठेवा आणि होडीवरचा जुना नंबर स्वतः उभं राहून खरवडून काढा.