ख्रिस्ती धर्मात गर्व हे चोरीपेक्षाही मोठं पाप का मानतात?

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, 18 व्या अध्यायात, येशूने सांगितलेल्या दाखल्यातला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस) बघा. मंदिरात उभा राहून देवालाच हिशेब ऐकवतो: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, आणि वर ‘मी या जकातदारासारखा नाही’ (जकातदार म्हणजे कर गोळा करणारा, लोकांच्या लेखी पापी). तो खोटं बोलतो असं कुठेच म्हटलेलं नाही, गोम तिथेच आहे. त्याला देवाकडून काही नकोच आहे! जकातदार लांब उभा, ऊर बडवत फक्त दया मागतो. येशूच्या मते नीतिमान ठरून घरी गेला तो हाच. चोराला निदान लाज तरी वाटू शकते, गर्व पुण्याच्याच जिवावर पोसतो.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं मात्र नव्हे. योहानच्या शुभवर्तमानात, 13 व्या अध्यायात, येशू कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो आणि लगेच सांगतो, तुम्ही मला गुरू म्हणता ते बरोबरच आहे.