घडी तिरकी गेली तर जाऊ दे

प्रश्न: माझी दोन्ही मुलं घरीच शिकतात, मुलगी ६ वर्षांची आणि मुलगा १०. दुपारी आम्ही ओरिगामीला बसतो पण व्हिडिओ लावला की मुलगी चौथ्या घडीलाच रडायला लागते, माझी तिरकी झाली म्हणते, शेवटी मीच तिची होडी करून देते आणि मग ती म्हणते ही माझी नाहीच. काय करू? (एक आई, सांगली)

उत्तर: बरोबरच बोलतेय की ती, ती होडी तुमचीच आहे!

आधी तिच्यापुरता तो व्हिडिओ बंद करा, त्यातले हात कोणासाठी थांबत नाहीत. तुम्ही स्वतः बसा, तेही समोर नाही, शेजारी, समोर बसलं की तुमची डावी बाजू तिची उजवी होते आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो. घोटीव कागद सध्या नको, तो गुळगुळीत असतो आणि त्याचे बाजारात मिळणारे चौकोन तिच्या बोटांना छोटे पडतात. वर्तमानपत्राचा साधारण ३० सेंमीचा चौकोन घ्या, खाली पाट किंवा फरशी, मांडीवर घडी कधीच नीट बसत नाही.

आणि मुख्य गोष्ट, जी सांगायची राहूनच जाते. टोकाला टोक लागलं की एका हाताने ते टोक दाबून धरायचं आणि दुसऱ्या हाताचं बोट घडीच्या मधोमध ठेवून तिथून दोन्ही कडांकडे न्यायचं. मुलं एका कडेपासून घासत सुटतात, कागद सरकतो, घडी तिरकी. एवढं जमलं ना की निम्मं रडं थांबतं, माझ्याकडे तरी थांबलं. उरलेली तिरकी घडी तशीच राहू द्या, तुम्ही हात लावू नका, तिरकी टोपीसुद्धा डोक्यावर बसते. पंखा, टोपी, कुत्र्याचं तोंड, एवढंच महिनाभर पुरे, तेच तेच १० वेळा करू दे, होडी नंतर.

मुलाला मात्र आता चित्रांवरून करायला लावा. ती तुटक रेषा आणि बाणांची खूण जपानच्या अकिरा योशिझावांनी रुळवली, ती एकदा वाचता आली की पुस्तक जपानी भाषेत असलं तरी अडत नाही.

प्रश्न: सासूबाई म्हणतात हा सगळा टाइमपास आहे, अभ्यास कुठाय? (त्याच आई)

उत्तर: त्यांना सांगा की टी. सुंदर राव नावाच्या आपल्याच माणसाने १८९३ साली मद्रासहून कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक काढलं होतं, आणि त्याला ते सुचलं कशावरून तर बालवाडीतल्या घड्यांच्या कामावरून. योशिझावाही कारखान्यात होते तेव्हा नव्या कामगारांना घड्या घालून भूमिती समजवायचे.

पण नुसतं सांगून सासूबाई ऐकणार नाहीत, म्हणून त्यांच्यासमोरच मुलाला हे करायला द्या. २४ सेंमीचा चौरस, वरच्या कडेच्या बरोबर मध्यावर खूण, आणि खालचा उजवा कोपरा उचलून त्या खुणेवर आणून घडी. वर उजवीकडे जो छोटा त्रिकोण उरतो त्याच्या बाजू पट्टीने मोजायला सांगा, ९, १२ आणि १५ येतात, म्हणजे ३:४:५, पायथागोरस आपणहून दारात उभा! डावीकडे कागदाची जुनी खालची कड जिथे डाव्या कडेला छेदते ती जागा वरच्या कोपऱ्यापासून १६ सेंमीवर, म्हणजे पट्टी न वापरता कडेचे तीन समान भागही मिळाले. मिलिमीटरभर इकडेतिकडे झालं तर घडीत चूक कुठे झाली ते तोच शोधेल.

प्रश्न: दिवाळीच्या किल्ल्यासाठी मुलगा खोक्याच्या पुठ्ठ्याचे बुरूज करतोय पण वाकवला की पुठ्ठा कुठेही मोडतो आणि कटर त्याच्या हातात द्यायची भीती वाटते. (एक बाबा, नाशिक)

उत्तर: खोक्याच्या पुठ्ठ्यात दोन कागदांच्या मध्ये नागमोडी कागद असतो, त्याच्या उभ्या नळ्या कडेला दिसतात. नळ्यांच्या दिशेनेच वाकवलं तर पुठ्ठा छान गोल वळतो, आडवं वाकवलं की नळ्या चेचतात. म्हणजे बुरुजाला नळ्या उभ्या हव्यात. सरळ कोपरा हवा तिथे आधी पट्टी धरून संपलेल्या रिफिलने दाबून रेघ ओढायची, कापायचं नाही, मग वाकवायचं. जोडायला खाचा पाडा, खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीएवढीच, जास्त झाली की डुगडुगतं. प्रत्येक तुकड्याला निम्म्या उंचीपर्यंत खाच, एकाला वरून आणि दुसऱ्याला खालून.

कटर तुम्हीच चालवा, त्यात लाज कसली. रेघ त्याने मारायची, कापायचं तुम्ही. बिस्किटांच्या डब्याचा पातळ पुठ्ठा तो कात्रीने कापेल. फेव्हिकॉल थापू नका, पातळ लावून कपड्यांचे चिमटे लावून ठेवा. खळ करणार असाल तर मैद्याची करा पण जुनी माणसं कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद टाकायची ते अजिबात नको, ते विषारी आहे आणि मुलांची बोटं तोंडात जातातच. आणि पुठ्ठ्याच्या किल्ल्यावर ओली माती लिंपू नका, रात्रीतून बसतो तो.

प्रश्न: घरभर पक्षी, बेडूक, खोकी झालीत, ठेवायचं कुठे? (एक आजी, डोंबिवली)

उत्तर: एक खोकं ठरवा, ते भरलं की मुलांनीच निवडायचं काय राहणार, बाकीच्याचे फोटो काढा आणि रद्दीत. पण मुलांना विचारल्याशिवाय नको हं. मी एकदा गुपचूप दिलं आणि माझ्या मुलाला त्याचं जहाज खाली रद्दीवाल्याच्या हातगाडीवर दिसलं, तो धावत जाऊन ते परत घेऊन आला, वर त्या माणसाला २ रुपये द्यायला लावले मला.