विहीर खणताना शिंपले सापडले. कार्बन डेटिंग केलं तर आमच्या दगडाचंही वय कळेल का?

तुम्ही लिहिलंय, गोव्यात पेडण्याला खाजनाच्या, म्हणजे खाडीला बांध घालून केलेल्या भातशेताच्या, कडेला विहीर खणताना पंधरा फुटांवर काळ्या चिखलात तिसऱ्यांचे शिंपले लागले. काका म्हणतात, परशुरामाने समुद्र मागे हटवला त्याचा हा पुरावा. कॉलेजात जाणारा भाचा म्हणतो, कार्बन डेटिंग करा, कोट्यवधी वर्षं निघतील. आणि तुम्हाला हवंय की शिंपले, खालचा दगड आणि अंगणातला चिरा या सगळ्यांचं वय एकाच चाचणीत कळावं.

मी डिचोलीच्या बाजूला लोखंडाच्या खाणीवर भूवैज्ञानिक म्हणून बरीच वर्षं काढली, २०१२ साली खाणी बंद पडेपर्यंत. ड्रिलिंगवरचे गडी कोअरच्या, म्हणजे ड्रिलने काढलेल्या दगडी कांड्यांच्या, पेटीजवळ उभे राहून हेच विचारायचे, 'साहेब, ह्या फातराक किती वर्सां जालीं?' मी उलट विचारायचो, कसली वर्षं? दगड घडल्याची, की कुजल्याची? तुम्हालाही आधी तेच ठरवावं लागेल.

आधी भाच्याचं बघू. कार्बन डेटिंगने कोट्यवधी वर्षं कधीच निघत नाहीत. जिवंत प्राणी-वनस्पती हवेतून, पाण्यातून, अन्नातून कार्बन घेत असतात आणि त्यात थोडा किरणोत्सारी कार्बन-१४ असतो. जीव मेला की आवक बंद. मग दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. ५०,००० वर्षांनी जेमतेम चारशेवा हिस्सा उरतो, त्यापुढे मोजायला हाती काही लागत नाही. आणि मुळात जे जिवंत नव्हतं त्याला हे घड्याळ लागूच होत नाही. तेव्हा तुमच्या शिंपल्यांना ते चालेल, दगडाला नाही. शिंपल्यांतही एक खोच आहे. समुद्राच्या पाण्यातला कार्बन आधीच शिळा असतो, त्यामुळे आकडा काही शतकांनी जास्त येतो आणि प्रयोगशाळेला तेवढी वजावट करावी लागते.

काकांना मात्र एकदम उडवून लावू नका. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरच्या आसपास खाली होती. म्हणजे किनारा आजच्या रेषेच्या पार पश्चिमेला. मग बर्फ वितळत गेलं, पाणी चढत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या पातळीला पोचलं. नद्यांच्या मुखांत खाड्या भरल्या, चिखल साचला, तिसऱ्या तिथेच वाढल्या. पुढे माणसांनी बांध घातले, मानशी (पाण्याची ये-जा आवरणारी दारं) बसवल्या आणि खाजनात भात पिकवलं. समुद्राची जमीन झाली हे काकांचं म्हणणं खाजनापुरतं खरंच आहे, फक्त ते काम गाळाने आणि गावकऱ्यांनी केलं. तुमचे शिंपले काही हजार वर्षांचे असावेत असा माझा अंदाज.

आता दगड. गोव्यातल्या सगळ्यात जुन्या दगडांपैकी एक अनमोड घाटात आहे, करड्या पट्ट्यांचा नाइस. त्याचं वय रुबिडियम-स्ट्रॉन्शियम पद्धतीने सुमारे ३४० कोटी वर्षं आलं, १४ कोटी इकडे-तिकडे. ही पद्धत मला फार आवडते. रुबिडियम-८७ अतिशय सावकाश स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये बदलतो, निम्मा व्हायला जवळपास ५,००० कोटी वर्षं लागतात. एकाच दिवशी बँकेत चार खाती उघडली असं समजा. व्याजदर एकच, मुद्दल वेगवेगळं. जिथे मुद्दल जास्त तिथे व्याज जास्त. चारही खाती एकमेकांशी ताडून पाहिली की ती कधी उघडली ते निघतं, पहिल्या दिवशी आधीची शिल्लक किती होती हे कुणी सांगितलं नसलं तरी. एकाच दगडातल्या वेगवेगळ्या खनिजांत रुबिडियम हे मुद्दल आणि स्ट्रॉन्शियम हे व्याज.

मध्येच दगड पुन्हा तापला तर मात्र जमाखर्च विस्कटतो. काणकोणच्या ग्रॅनाइटचं याच पद्धतीने काढलेलं वय सुमारे २४० कोटी, पण मागेपुढे ३९ कोटी! म्हणून आता लोक झिरकॉनकडे वळतात. हा स्फटिक घडताना युरेनियम घेतो पण शिसं जवळजवळ आत येऊ देत नाही. नंतर आत जे शिसं सापडतं ते बहुतेक सगळं युरेनियमपासूनच झालेलं. शिवाय युरेनियमची दोन घड्याळं, २३८ आणि २३५, एकाच स्फटिकात चालतात. दोघांचा आकडा जुळला नाही तर गडबड लगेच कळते.

अंगणातल्या चिऱ्याची गंमत निराळीच. चिरा म्हणजे जांभा, इंग्रजीत लॅटराइट: मूळ दगड ऊन-पावसात कुजून उरलेलं लोखंड आणि ॲल्युमिनियम. त्याचं वय म्हणजे कुजण्याचं वय. कोकणपट्टीच्या लॅटराइटमध्ये कुजतानाच तयार झालेली मँगनीजची काही खनिजं सापडतात आणि त्यांच्यात पोटॅशियम असतं. त्याचा आर्गॉन होतो आणि तो वायू आत अडकून राहतो, तो मोजतात. ही वयं काही कोटी वर्षांत जातात. त्याच जांभ्यावर कुशावतीकाठी उसगाळीमळला कुणीतरी बैल, हरणं आणि तो चक्रव्यूह कोरलाय. कोरणाऱ्याच्या काळाबद्दल यांतलं एकही घड्याळ काही सांगत नाही. पर्यटकांना कोटींचे आकडे ऐकवणारे गाइड भेटले की मी गुपचूप पुढे जातो.

गोव्यात डायनोसॉर का नाहीत हेही तुम्ही विचारलंय. आपले बहुतेक दगड २५० कोटींहून जुने, तेव्हा जीव म्हणजे सूक्ष्मजंतू, हाडं कुठून येणार? सत्तरीत सुर्ल्याच्या वर सह्याद्रीचा काळा दगड आहे तो सुमारे ६.६ कोटी वर्षांचा, पण तो लाव्हा. हाडं हवीत तर जबलपूरला जा, १८२८ साली तिथे डायनोसॉरची हाडं मिळाली होती. ज्या थरात ती आहेत त्याच्या वर हाच लाव्हा पसरलाय, म्हणून लाव्हाच्या वयावरून हाडं किमान किती जुनी ते कळतं. जीवाश्मांचं वय बहुतेक वेळा असंच, वरखालच्या शेजाऱ्यांकडून काढतात.

शिंपले अजून फेकले नसतील तर ब्रशने घासू नका. खोली लिहून ठेवा आणि चिखलासकट गुंडाळून ठेवा. आणि एक बघा, शिंपल्याच्या दोन्ही झडपा (अर्धी कवचं) जोडीने मिटलेल्या आहेत का? तशा असतील तर तिसऱ्या तिथेच जगल्या आणि मेल्या, खाडीचा काळ त्यांच्यावरून काढता येईल. सगळ्या सुट्या, फुटलेल्या आणि ढिगाने असतील, सोबत कोळसा असेल, तर कुणाच्या तरी जेवणाचा उकिरडा किंवा चुन्याची भट्टी तुम्ही खणून काढलीय.