वाचकांचे प्रश्न : तीन पायऱ्या आणि इतर अडथळे

प्रश्न : डोंबिवलीतील आमच्या गृहनिर्माण संस्थेत एका सभासदाच्या तरुण मुलाला अपघातानंतर व्हीलचेअर लागते. लिफ्टपर्यंत जायला तीन पायऱ्या आहेत. सुरक्षारक्षक आणि शेजारची मुले त्याला आनंदाने उचलून नेतात, तरीही कुटुंबाने रॅम्पची मागणी केली आहे. एका व्यक्तीसाठी सर्वांनी खर्च का सोसावा, असे काही सभासद विचारतात. सचिव म्हणून मी त्यांना काय सांगावे?

उत्तर : उचलून नेणाऱ्यांच्या चांगुलपणाविषयी शंका नाही, पण त्या मुलाला कोपऱ्यावरून दूध आणायचे असले तरी आधी दोन माणसे मोकळी आहेत का ते पाहावे लागते, आणि रात्री परतताना रक्षक पाण्याची मोटर लावायला गेला असेल, तर खालीच ताटकळावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मधील व्याख्या हेच सांगते : दीर्घकालीन शारीरिक, मानसिक, बौद्धिक किंवा ज्ञानेंद्रियांच्या दोषाला भोवतालच्या अडथळ्यांची जोड मिळून जिला इतरांच्या बरोबरीने समाजात वावरता येत नाही, ती व्यक्ती दिव्यांग. पायांचे काय करायचे ते डॉक्टर पाहतील. पायऱ्यांचा विषय मात्र तुमच्या समितीचा आहे.

खर्चाच्या मुद्द्यावर, रॅम्पचा उपयोग गुडघे दुखणाऱ्या ज्येष्ठांना, बाबागाडीला आणि रुग्णाच्या स्ट्रेचरलाही होईल, असे सांगता येते आणि ते खरेही आहे. तरी हा युक्तिवाद मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन. उद्या इतर कोणी त्या उतारावर पाऊलही ठेवले नाही, तरी ते कुटुंब इतरांइतकाच देखभाल खर्च भरते आणि इमारतीत येण्याजाण्याचा त्याचा हक्क इतरांइतकाच आहे.

ठराव झाल्यावर खरी गडबड कंत्राटदाराकडे होते. स्कूटर चढवण्यासाठी घालतात तसा आखूड, खडा उतार करून त्यावर गुळगुळीत फरशी बसवली, तर पावसाळ्यात तो पायऱ्यांपेक्षाही धोक्याचा ठरतो. रूढ मानक 1:12 असे आहे, म्हणजे एक फूट उंचीसाठी बारा फूट लांबी. तुमच्या पायऱ्या प्रत्येकी सहा इंचांच्या असतील, तर एकूण दीड फुटासाठी अठरा फुटांचा उतार लागेल. सरळ जागा नसल्यास मध्ये सपाट टप्पा ठेवून तो वळवता येतो. दोन्ही बाजूंना कठडा आणि खरखरीत पृष्ठभाग हवा. लिफ्टचे दारही मोजून घ्यावे. जुन्या सरकत्या जाळीच्या दाराची लिफ्ट असेल, तर खुर्चीत बसून ते आतून ओढून घेता येते का, हे तपासावे. आणि आराखडा पक्का करण्याआधी त्या मुलाला दाखवावा. एवढी साधी गोष्ट बहुतेक समित्या विसरतात.

प्रश्न : माझ्या मुलीच्या वर्गातील अंध विद्यार्थ्याला परीक्षेत लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. हा इतर मुलांवर अन्याय नाही का?

उत्तर : नाही. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांनुसार लेखनिकाची मुभा असलेल्या परीक्षार्थीला तासाला किमान 20 मिनिटे जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेला एक तास. त्या वेळात त्याला प्रश्न ऐकायचा असतो, उत्तर सांगायचे असते आणि लिहिलेले पुन्हा वाचून घ्यायचे असते. इतिहासाच्या परीक्षेत इतिहास तपासायचा असतो, दृष्टी नव्हे.

प्रश्न : आम्ही गडचिरोली जिल्ह्यात राहतो. माझ्या मुलाला सिकलसेल आजार आहे. तो धडधाकट दिसतो, म्हणून शिक्षक त्याला आळशी समजतात. हे दिव्यांगत्वात मोडते का?

उत्तर : मोडते. 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, 2016 च्या कायद्यात ते 21 झाले आणि त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया व हिमोफिलिया हे रक्ताचे आजार स्पष्टपणे नमूद आहेत. जे दिसत नाही त्यावर विश्वास न ठेवण्याची आपल्याकडे सवयच आहे, त्यामुळे शिक्षकांना आजार नीट समजावून सांगावा लागेल. शरीरातील पाणी कमी झाले, थंडी बाधली किंवा अतिश्रम झाले, की तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. म्हणून तासाला पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची आणि न विचारता लघवीला जाण्याची परवानगी, मैदानावर धावण्यातून सवलत आणि दुखण्यामुळे बुडालेला अभ्यास भरून काढण्याची सोय, एवढ्या मागण्या डॉक्टरांच्या पत्रासह मुख्याध्यापकांकडे लेखी द्याव्यात. खर्च जवळजवळ शून्य आहे.

त्याचबरोबर केंद्र सरकारच्या स्वावलंबन संकेतस्थळावर अर्ज करून शासकीय रुग्णालयातील तपासणीनंतर दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि वैश्विक ओळखपत्र काढून घ्यावे. प्रमाण 40 टक्के किंवा अधिक भरल्यास 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा आणि पुढे उच्च शिक्षणातील आरक्षणाचा हक्क मिळतो. ते त्याहून कमी भरले तर आरक्षण मिळणार नाही. पण तेवढ्या कारणाने शासनमान्य शाळेला वर सांगितलेल्या सोयी नाकारता येत नाहीत. शाळेने दाद दिली नाही, तर पुण्यातील राज्य दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करता येते.