लव्हक्राफ्ट वाचताना भीती वाटत नाही. रात्री दिवे घालवून वाचू का?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकी भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्टचा पेंग्विनने काढलेला कथासंग्रह 'द कॉल ऑफ क्थुल्हू अँड अदर वीअर्ड स्टोरीज' आणलात, चार कथा झाल्या, भीती काही वाटेना, आणि मित्र म्हणतो मध्यरात्री अंधारात वाच. मित्राचं ऐकू नका. दिवा लावा आणि हातात पेन्सिल घ्या.

तुम्ही अडलात ती चौथी कथा, 'सेलेफाइस', भयकथा नाहीच. स्वप्नातल्या नगराची कथा आहे ती. या पुस्तकात 18 कथा लिहिल्या गेल्या त्या क्रमाने लावल्यात, म्हणून सुरुवात 1917च्या 'डेगन'ने होते. अभ्यासाला हा क्रम उत्तम, पहिल्या वाचनाला वाईट. संपादक एस. टी. जोशी, 1958 साली पुण्यात जन्मलेले. मासिकांत आणि नंतरच्या पुस्तकांत शिरलेल्या चुका त्यांनी मूळ हस्तलिखितं-टंकलिखितं ताडून काढल्या, आणि हे आपल्याकडच्या वाचकांना ठाऊक नसतं याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुस्तकाच्या शेवटी असलेल्या त्यांच्या टिपा मात्र कथा संपल्यावरच उघडा, नाहीतर शेवट आधीच कळतो.

सुरुवात 'कूल एअर'पासून करा. दादरला गाडीत बसलात तर बोरिवलीपर्यंत संपते. न्यूयॉर्कमधल्या भाड्याच्या खोल्यांच्या घरात एक डॉक्टर अमोनियाच्या यंत्राने आपली खोली 55-56 अंश फॅरनहाइटवर, म्हणजे साधारण 13 सेल्सियसवर ठेवतो. प्रत्येक आकडा पेन्सिलीने अधोरेखित करा. पुढे तो आकडा खाली जात राहतो आणि कथा तिथेच घडते.

मग 'द कलर आउट ऑफ स्पेस', सलग दीड तास काढून. धरणासाठी पाहणी करायला आलेला माणूस सुरुवातीलाच सांगतो की या जलाशयाचं पाणी मी कधी पिणार नाही. तानसा-भातसा धरणांचं पाणी पिणाऱ्या मुंबईकराला यातलं भय वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता 'द कॉल ऑफ क्थुल्हू'. ही कथा बहुतेकांची फसते, कारण लोक राक्षस कधी येतो याची वाट बघतात आणि तारखांवरून नजर घसरू देतात. कथेचे तीन भाग म्हणजे कागदांची तीन बाडं. पहिल्या भागात समासात तीन तारखा लिहा: 1 मार्च, 23 मार्च, 2 एप्रिल, सगळ्या 1925च्या. शेजारी त्या दिवशी शिल्पकार विलकॉक्सचं काय झालं ते दोन शब्दांत. दुसरा भाग 1908 सालच्या एका सभेपाशी जातो, तिथे तारखांपेक्षा वर्णनं जुळवा. तिसऱ्या भागात दगडांखाली अंथरलेलं सिडनीचं वर्तमानपत्र सापडतं, 18 एप्रिलचं. ते वाचताना पान उलटून आपल्या समासातल्या नोंदी बघा. आंतरराष्ट्रीय वाररेषेमुळे तिकडचा 1 मार्च म्हणजे विलकॉक्सच्या अमेरिकेतला 28 फेब्रुवारी, हेही धरा. निवेदक तारखा जुळवून दाखवतोच, पण त्याच्या आधी परिच्छेदभर तुमच्या त्या जुळल्या की पोटात गोळा येतो. अंधारात डुलक्या घेत वाचणाऱ्याला हे कधीच मिळत नाही. 'रात्री वाचा' म्हणणाऱ्यांशी माझा वाद आहे तो यावरूनच: ते भीती खोलीतून आणतात, लव्हक्राफ्ट ती कागदपत्रांतून आणतो.

विशेषणं फार आहेत, मान्य. प्रत्येकाला शब्दकोश नको. 'सायक्लोपियन' म्हणजे प्रचंड दगडांचं बांधकाम आणि 'गिबस' म्हणजे अर्ध्याहून जास्त दिसणारा चंद्र, एवढं पुरे.

एक सांगायचं राहिलं. हा माणूस वंशद्वेषी होता आणि ते कथांत उघड दिसतं. 'द रॅट्स इन द वॉल्स'मधल्या मांजराचं नावच एक शिवी आहे. काळाचं कारण देऊन मी ते झाकणार नाही. त्यासाठी पुस्तक मिटलंत तरी मला समजेल.

नाही मिटलंत तर शेवटी 'द शॅडो ओव्हर इन्समथ'. पाच प्रकरणं, दोन बैठका. तिसऱ्यातल्या दारुड्या म्हाताऱ्याची बोली डोळ्यांनी कळत नाही, ओठ हलवून वाचा. पहिली बैठक तिथे संपवा. चौथ्या प्रकरणात मध्ये थांबायला जागा नाही, तेव्हा ते लोकलच्या डब्यात उभ्याने सुरू करू नका.