पिशवी काढून अकरा दिवस झाले, हे सगळं नॉर्मल आहे का?

प्रश्न असा होता: "वय 44. गाठींमुळे पोट उघडून गर्भाशय काढलं, अंडाशयं ठेवलीत. आज अकरावा दिवस, टाके काल काढले. अजून तपकिरी डाग पडतो, पोट फुगलेलं वाटतं, दुपारी उगाचच रडू येतं. सासूबाई भात-दही खाऊ देत नाहीत. घरचे म्हणतात, आता हळूहळू स्वयंपाकाला लाग. हे नॉर्मल आहे का? पूर्ववत व्हायला किती दिवस लागतात?"

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, म्हणजे घरच्यांना वाचून दाखवता येईल. पोट उघडून केलेल्या ऑपरेशनला सहा ते आठ आठवडे लागतात. दुर्बिणीतून किंवा खालून पिशवी काढली असेल तर तीन-चार आठवड्यांत बाई बऱ्यापैकी हिंडूफिरू लागते, पण जड न उचलण्याचा नियम साधारण तिलाही सहा आठवड्यांचाच. तुमचा अजून जेमतेम पाव रस्ता सरलाय.

मी डॉक्टर नाही. तासगावात माझं पोळी-भाजीचं केंद्र आहे. माझ्या पिशवीत आठ सेंटिमीटरची गाठ होती, पाळीत इतकं जायचं की हिमोग्लोबिन 7.8 वर आलं. गोळ्या झाल्या, इंजेक्शनं झाली, शेवटी 14 जुलै 2022 ला मिरजेत ऑपरेशन झालं. तेव्हा मी 46 वर्षांची. तुमच्यासारखंच, पोट उघडून, अंडाशयं ठेवून.

या आजारपणाची एक खोड आहे, ती मला कुणी आधी सांगितली नव्हती. बाई बरी व्हायच्या आधी बरी दिसायला लागते. हाताला प्लॅस्टर असलं की लोक पाण्याचा ग्लाससुद्धा आणून देतात. आपला टाका परकराच्या नाडीखाली. दहाव्या दिवशी केस धुऊन, वेणी घालून, चहा घेत बसलेली बाई कुणालाच आजारी वाटत नाही, आणि खरं सांगू, तिला स्वतःलाही वाटत नाही. त्यात टाके निघाले की "चला, झालं" असं सगळं घर म्हणतं. निघालेले टाके कातडीचे असतात. आत, पिशवी जिथून कापली तिथे योनीचं वरचं टोक शिवलेलं असतं. ते टाके कुणी काढत नाही, ते आपोआप विरघळतात, आणि ती जागा भरून यायला आठवडे जातात.

हे मला अठराव्या दिवशी कळलं. पंचमीचा आदला दिवस. जाऊ माहेरी गेलेली, हे बाजारात, आणि सिलिंडरवाला दारात टाकी ठेवून गेला. मी ती उचलली नाही हो! नुसती तिरकी करून कडेवर गोल फिरवत स्वयंपाकघरात नेली, पंधरा पावलं असतील. चौदा किलो गॅस आणि तेवढंच टाकीचं लोखंड. दुखलं काहीच नाही. संध्याकाळी बाथरूममध्ये लालभडक रक्त, आणि माझे पाय लटपटले. रात्रीच मिरजेला गेलो. डॉक्टर मॅडमनी तपासलं, नशिबानं टाका शाबूत होता. रागावल्या नाहीत, नुसतं विचारलं, "घरी काय उचललं?" फिरवली म्हटलं. म्हणाल्या, "पोटाला उचलणं आणि फिरवणं यातला फरक कळत नाही." मग पुन्हा आठ दिवस पूर्ण विश्रांती.

तर उचलायचं किती? चार-पाच किलोच्या वर काही नाही, सहा आठवडे. पण बाईच्या कामात वजन लिहिलेलं नसतं, म्हणून माझा हिशोब सांगते. बादली उचलायची नाही, पाणी तांब्या-तांब्यानं घेतलेलं चालेल. पाच लिटरचा भरलेला कुकर नाही. ओले कपडे पिळून दोरीवर टाकणं नाही, त्यात पिळणं आणि हात वर करून ताणणं दोन्ही आलं. कणीक मळणं मला सगळ्यात फसवं वाटलं. बसल्याजागचं काम म्हणून सोपं वाटतं, पण सगळा जोर पोटातून येतो. दोन पोळ्यांची मळून बघा, लगेच समजेल. भाजी निवडणं, ताटं मांडणं, हिशोब लिहिणं हे तिसऱ्या आठवड्यापासून खुशाल. नातवंडाला किंवा लेकराला उचलायचं नाही, त्याला मांडीवर चढू द्यायचं. झोपलेलं असताना सरळ उठायचं नाही. आधी कुशीवर वळायचं, हातानं रेटा द्यायचा. खोकला-शिंक आली की टाक्यावर उशी दाबून धरायची. तीच उशी मी मिरज ते तासगाव प्रत्येक स्पीडब्रेकरला पोटाशी धरली होती. स्कूटी सहा आठवड्यांनी, तीही ब्रेक जोरात दाबताना पोटात कळ येत नसेल तर.

म्हणून झोपूनही राहायचं नाही. चालायचंच. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात, मग अंगणात, मग कोपऱ्यापर्यंत. ऑपरेशननंतर पडून राहिलं तर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसाकडे गेली तर जीवावर बेतते. जिना चढायला हरकत नाही, सावकाश.

आता तुमचा डाग. तपकिरी, गुलाबी, पांढरट असं थोडं थोडं जाणं सहा आठवड्यांपर्यंत चालू राहू शकतं. मधे दोन दिवस थांबून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पुन्हा दिसतं, आतले टाके विरघळताना असं होतं. घाबरण्याचं वेगळं असतं: लालभडक रक्त, गुठळ्या, तासाभरात पॅड भिजणं, किंवा घाण वास. असं काही झालं तर उद्यावर ढकलू नका. 100.4 च्या वर ताप, जखमेतून पू किंवा टाका उघडणं, उलट्या होऊन वारा-शौच बंद होणं, लघवी तुंबणं किंवा नकळत सारखी गळत राहणं, हेही त्याच यादीतलं. मूत्राशय पिशवीला खेटून असतं, म्हणून लघवी गळण्याला "अशक्तपणा" म्हणून सोडू नका. आणि एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली, अचानक दम लागला किंवा छातीत दुखलं, तर ओपीडीची वेळ बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी गाठायची.

पोट फुगणं बहुतेकींना होतं. भूल, वेदनेच्या गोळ्या आणि पडून राहणं, यांनी आतडी आळसावतात. मला तर पाचव्या दिवसापर्यंत शौचाला झाली नव्हती आणि टाका तुटेल या भीतीनं मी जोरही करत नव्हते. जोर करायचाच नाही, ते बरोबर. पण त्यासाठी मल मऊ हवा. भरपूर पाणी, पपई, भिजवलेली अंजिरं, आणि डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल. संध्याकाळी पोट सकाळपेक्षा जास्त फुगतं, नाडीची गाठ सैल करावी लागते, हे दीड-दोन महिने चाललं माझं. टाक्याच्या खालचा भाग बधिर वाटेल, मुंग्या येतील. तेही महिनोन्‌महिने राहतं, माझं अजून बोटभर जागेत आहे.

भात-दह्याचं म्हणाल तर माझ्या सासूबाईंचंही तेच होतं. भातानं टाक्यात पू होतो, दह्यानं वात होतो. पू जंतूंनी होतो, तांदळानं नाही. डायबेटीस असेल तर साखर आटोक्यात हवी, नाहीतर जखम खरंच उशिरा भरते, तेवढंच पथ्य. बाकी वरण-भात, दही, अंडी, मटकी, जे पचेल ते खा; जखम भरायला प्रथिनं लागतात. मी सासूबाईंशी वाद घातला नाही, मॅडमच्या फोनवर त्यांनाच बोलायला लावलं. पुढच्या दुपारी ताटात भात होता, चिमूटभरच, पण होता. डिंकाचे लाडूही आले. बाळंतपणासारखं शेक-शेगडी करायची मात्र गरज नाही, टाक्यावर शेक तर मुळीच नाही. रक्त कमी असेल तर लोहाच्या गोळ्या नेमानं घ्या आणि त्या वेळी चहा पिऊ नका, चहा लोह अंगी लागू देत नाही. लिंबूपाणी चालतं.

रडण्याचं मी मुद्दाम उशिरा घेतलंय. मला दुपारी दोन ते चार यायचं. पाळीनं दहा वर्षं छळलं होतं, दोन्ही मुलं मोठी झालेली, पिशवीचं मला काहीच करायचं नव्हतं, तरी रडायचे. शेजारची एक म्हणाली, "आता काय, आतून पोकळ झाली." तेवढं एक वाक्य आठ दिवस डोक्यात फिरत राहिलं. आत पोकळी राहत नाही, ताई. आतडी सरकून ती जागा घेतात. अंडाशयं जागेवर असली तर हार्मोन्स चालू राहतात, एका दिवसात म्हातारपण येत नाही. पाळी दिसणार नाही, पण छाती जड होणं, चिडचिड हे महिन्याच्या महिन्याला काहींना जाणवत राहतं. रजोनिवृत्ती कदाचित थोडी लवकर येते, एवढंच. ज्यांची अंडाशयंही काढलीत त्यांची गोष्ट निराळी. त्यांना अंगातून वाफा, घाम, झोपमोड लगेच सुरू होते, पुढे हाडांचाही प्रश्न येतो. त्यांनी हार्मोनच्या गोळ्या आपल्याला चालतील का हे डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, मैत्रिणीची गोळी घेऊ नये.

माझं रडणं चौथ्या आठवड्यात आपोआप कमी झालं. तुमचं दोन-तीन आठवडे सलग राहिलं, झोप-भूक गेली, किंवा जगणं नको वाटायला लागलं, तर तोही डॉक्टरांकडे जाण्याचाच विषय आहे. आणि जगणं नको वाटत असेल तर आठवडे मोजत बसू नका, त्याच दिवशी घरच्यांना सांगून जा.

तुम्ही विचारलं नाहीत, कारण हे नावानिशी विचारणं अवघड असतं: नवऱ्याजवळ कधी जायचं? सहा आठवडे नाही, आणि नंतरही आतली जागा तपासून घेतल्यावरच. मघाशी म्हटलं ते शिवलेलं टोक तिथेच असतं. पुरुषाला फरक कळत नाही, त्या भीतीनं घाई करू नका. कोरडेपणा वाटला तर त्यावर मलम असतं. रक्तस्राव आणि दुखणं संपल्यावर उलट बरं वाटतं असं सांगणाऱ्याही पुष्कळ आहेत.

घरच्यांचं "स्वयंपाकाला लाग" ऐकून मला नेहमी बीडकडच्या ऊसतोड बायका आठवतात. 2019 मध्ये ते प्रकरण गाजलं, सरकारला समिती नेमावी लागली. पाळीचा खाडा परवडत नाही म्हणून, किरकोळ तक्रारीवर, तिशीतच पिशव्या काढलेल्या. त्यातल्या किती जणींना मोळी डोक्यावर घेण्याआधी सहा आठवडे मिळाले असतील? आपल्याला मिळू शकतात तर मागून घ्यावेत. मी केंद्र पावणेदोन महिने एका बाईवर सोपवलं, तिला पगार दिला, नफा बुडाला. गौरी बसल्या तेव्हा सात आठवडे झाले होते. आरास जावेनं केली, मी खुर्चीवर बसून पुरणाची चव सांगितली. पाळी पुढे ढकलायची गोळी न घेता केलेल्या माझ्या त्या पहिल्या गौरी.

एक काम मात्र आजच करा. काढलेली पिशवी तपासणीला पाठवलेली असते, तिचा रिपोर्ट आठ-दहा दिवसांत येतो आणि पुष्कळ घरांत तो कुणी आणायलाच जात नाही. मुलाला पाठवा, झेरॉक्स काढून ठेवा, सहा आठवड्यांच्या तपासणीला मूळ प्रत घेऊन जा. तेव्हाच विचारा, गर्भाशयाचं तोंडही काढलंय की ठेवलंय? ठेवलं असेल तर पॅप स्मीअर, म्हणजे त्या तोंडाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, पुढेही करत राहावी लागते. माझं काढलं होतं, पण हे मला डिस्चार्ज कार्डावर नव्हे, विचारल्यावर कळलं.