ईपोल (एकाच वेळी अनेक कनेक्शनवर लक्ष ठेवायची लिनक्सची सोय) शिकतोयस ना, मग हे आधी वाच

अरे भावा, सुरुवातीला एज-ट्रिगर्डच्या नादी लागू नकोस, लेव्हलच ठेव, त्यात डेटा उरलाय तोवर ईपोल परत परत सांगतो. एजमध्ये नवीन डेटा आला की तो एकदाच हाक मारतो, मग ईअगेन (म्हणजे आत्ता वाचायला काही उरलं नाही, असा कोड) येईपर्यंत रीड करत राहायचं, नाहीतर उरलेला डेटा बफरमध्ये तसाच पडून, मी महापेला असताना यापायी दोन रात्री गेल्या आणि घणसोलीहून ठाण्याची शेवटची लोकल पण. रीडने ० दिलं तर समोरच्याने पाठवणं बंद केलंय, तो एरर नाही. आणि टीसीपीत मेसेज वगैरे नसतो रे, नुसते बाइट्स, १०० पाठवलेस तर ६० आणि ४० असे पण येतील. सेंडही अर्धवट जातं, उरलेलं स्वतःकडे ठेव आणि तेव्हाच ईपोलआउट (म्हणजे पाठवायला जागा झाली की कळव, असा फ्लॅग) लाव, कायम लावलंस तर लूप फुकट फिरत सीपीयू खाईल.